निसाबा आणि बियाण्याची तीन मडकी

मागच्या रविवारी फोनवर बोलताना धाकट्यानं मला विचारलं, "आजी, तुझ्या टेबलावर ते चित्र आहे ना, तू खरंच तिची पूजा करतेस?" तुमची आई मागून हसली आणि तिनं विषय बदलला. मी उत्तर दिलं नाही. दोन मिनिटांत देण्यासारखं ते उत्तर नव्हतं. म्हणून हे तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवते आहे. सावकाश वाचा. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. मात्र तिनं सांगितलेला अर्थ एकदा माझ्याकडून तपासून घ्या.

ते चित्र थोरलीनंच मला पाठवलं होतं. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भंडाऱ्याचं भाड्याचं घर सोडून मी कायमची गावी राहायला आले होते, अड्याळपासून आत, धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतांमधल्या, आपल्या घरी. थोरलीला शाळेत एका प्राचीन देवतेवर प्रकल्प करायचा होता आणि इंग्रजीची निवृत्त शिक्षिका म्हणून मदतीला मी होते. देवता सुमेरच्या. सुमेर म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग, दोन नद्यांमधला सपाट, गाळाचा मुलूख. आम्ही दोघींनी फोनवर यादी वाचली. वाऱ्याचा एनलिल, गोड्या पाण्याचा एनकी, चंद्राचा नन्ना. थोरलीला पाहताक्षणी इनाना आवडली, कारण तिच्या पायाशी सिंह आणि डोक्यावर तारा होता. मला यादीत बरीच खाली असलेली निसाबा आवडली.

"आजी, ही बोअर आहे," थोरली म्हणाली. "ही फक्त लिहिते."

प्रकल्प इनानावर झाला, चांगले गुण मिळाले आणि थोरली ते सगळं विसरली. मी विसरू शकले नाही. निसाबा आधी धान्याची देवी होती. तिच्या नावाच्या खुणेतच धान्य होतं. पुढे माणसं ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनं धान्याच्या नोंदी करू लागली, त्यातून लिहिणं आलं आणि धान्याची देवी लिहिण्याचीही देवी झाली. लेखनिक व्हायला शिकणारी मुलं पाटी लिहून झाली की शेवटी तिच्या स्तुतीची ओळ लिहीत. तिचं शहर नेमकं कुठं होतं ते अजून पक्कं सापडलेलं नाही. आणि आणखी एक गोष्ट मी वाचली, ती मनात रुतून बसली: काही शतकांनी लेखणीचं काम हळूहळू एका पुरुष देवाकडे गेलं. तिच्याकडून ते काम काढून घेतलं म्हणा ना.

गावात देवी नाही असं नाही. गावाच्या शिवेवर मातामाय आहे. नवरात्रात बाया तिथं जमतात, गाणी म्हणतात. मी जाते, हात जोडते, पण मला ती गाणी येत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हाही येत नव्हती. माझं सगळं आयुष्य भंडाऱ्याच्या वर्गखोलीत गेलं आणि सणावारापुरती मी या घरात आले. त्यामुळे मातामायच्या देवळात मी नेहमी मागच्या रांगेत उभी असते, पाहुणी असल्यासारखी. निसाबेकडे मागची रांग नव्हती. रांगच नव्हती. दोन-अडीच हजार वर्षांत कुणी तिच्याकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नव्हतं.

थोरलीनं चित्र छापून पाठवलं. एका फुटक्या भांड्यावरचं ते कोरीव काम आहे: बसलेली बाई आणि तिच्या खांद्यांतून उगवलेली कणसं. ती निसाबाच असावी, असं अभ्यासक म्हणतात. खात्री कुणालाच नाही. मी ते टेबलावर ठेवलं. रोज सकाळी आंघोळ झाली की त्याच्यासमोर बसून वहीचं एक पान लिहायचं, काल काय झालं ते, सरळ भाषेत. शेवटी एक ओळ तिच्यासाठी. उदबत्ती नाही, फूल नाही. मागणं एकच असे: माझ्या हातून खोटं लिहिलं जाऊ नये. आजोबा गेल्यावर ज्या सकाळी उठावंसंच वाटत नसे, त्या सकाळी मी त्या पानासाठी उठत असे. याला पूजा म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तिला आई म्हणत नसे. कुणीतरी आपलं लिहिलेलं वाचतं आहे, आणि ती वाचणारी कडक आहे, एवढंच मला जाणवत असे. शिक्षिकेला तसं कुणी हवं असतं.

आता मोठ्या आजीबद्दल. तुम्ही तिला दोन-तीनदाच पाहिलं आहे. ती माझी थोरली जाऊ. मी तिला बाई म्हणते, ती मला मास्तरीन म्हणते. त्यात थोडा मान आहे आणि थोडा टोमणा. ती शाळेत गेली नाही. ऐन तारुण्यात विधवा झाली, एका मुलाला वाढवलं आणि शेती सांभाळली. तो मुलगा म्हणजे तुमचे शेतीवाले काका. आता बहुतेक बांध्यांमध्ये काका दुकानातलं बियाणं लावतात, पण तीन बांध्या त्यांनी आईसाठी ठेवल्या होत्या. त्यात घरचा जुना धान असे, तीन जातींचा. वरच्या बांधीतलं पाणी लवकर आटतं म्हणून तिथं लवकर पिकणारा हलका धान. खालच्या बांधीत पाणी साचून राहतं म्हणून तिथं उशिरा पिकणारा भारी. मधे मधला. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही, कारण त्याच नावाचा धान पुढच्या गावात दुसराच असतो. बाईच्या सासूच्या सासूपासून हे बियाणं घरात होतं. दर वर्षी कापणीआधी बाई उभ्या पिकातून एकेक लोंबी निवडायची, आणि तो धान राख घालून, कडुलिंबाचा पाला घालून मागच्या खोलीत तीन मडक्यांत भरून ठेवायची.

मी गावी राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बाई आठ दिवस लाखनीला तिच्या भाचीकडे गेली. मागे मी घर आवरायला काढलं. तुम्हाला माझी ही सवय माहीत आहे. मागच्या खोलीत दारापासून आतल्या भिंतीपर्यंत ओळीनं ती तीन मडकी होती, धुरानं काळी झालेली, एकाचा काठ फुटलेला, तोंडं शेणामातीनं लिंपलेली. प्रत्येकाच्या गळ्याला तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, दोरी बांधलेली आणि दोऱ्यांना गाठी मारलेल्या. मला वाटलं, निसाबेची सेवा करायची तर ती इथं. धान्य आहे आणि त्यावर एक अक्षर नाही. मी बाजारातून तीन सारखे स्टीलचे डबे आणले. काका दारात उभे राहून फोनवर कुणाशी तरी ट्रॅक्टरचं बोलत होते. मी विचारलं, "यांतलं कुठलं काय आहे रे?"

त्यांनी फोन कानापासून जरा बाजूला केला आणि ओळीवरून एकदा बोट फिरवलं. "हलका, मधला, भारी. काकू, मायले येऊ द्या ना. ते रागवन."

"रागावणार नाही. सोपं होईल तिला."

मी धान डब्यांत ओतला. सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. जुनी मडकी अंगणात नेऊन ठेवली आणि दोऱ्या कात्रीनं कापून पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. त्या दिवशीचं वहीचं पान मी फार आनंदानं लिहिलं होतं. ते अजून आहे.

बाई आली. खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग तिचा आवाज आला.

"मास्तरीन, दोऱ्या कुठी हायेत?"

"जाळल्या, बाई. आता गरज नाही त्यांची. सगळं लिहून ठेवलंय."

"हं." मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. "हा कोनता?"

"हलका. चिठ्ठीवर आहे."

मी दारात जाऊन पाहिलं. तिनं मनगटापर्यंत हात डब्यात घातला होता आणि धान बोटांत चोळत होती. तेव्हा तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन करायचं ती टाळत होती. "हा हलका नाई वाटत वो मले."

"बाई, लिहिलंय ना."

तिनं डब्यातून हात बाहेर काढला आणि पदराला पुसला. "लिहिलं हाये तं असन. माहे डोरे आता कोनत्या कामाचे."

त्या गाठींचा अर्थ मला त्यानंतर चार-पाच महिन्यांनी कळला. एक गाठ हलक्याची, दोन मधल्याची, तीन भारीची. अंधारातही बोटांना कळतील अशा. मी ज्याला कचरा समजून जाळलं, ते तिचं लिहिणं होतं.

मृगात मी चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, त्याप्रमाणे बाईनं बियाणं काढून दिलं आणि पेरणी झाली. पऱ्हे, म्हणजे रोपं, आली, रोवणी झाली. दिवाळीच्या सुमाराला धान उभा होता, आणि काहीतरी चुकलं आहे हे दुरूनही दिसत होतं. खालची बांधी पाणी साचलेलं असतानाच पिकून आडवी झाली होती, लोंब्या चिखलात पडून त्यांना मोड फुटत होते. वरच्या बांधीत पाणी आटलं होतं, जमिनीला भेगा होत्या, आणि लोंब्या नुकत्या बाहेर येऊन तशाच वाळत चालल्या होत्या. दाबल्या तर आत दाणा नाही. मधली तेवढी ठीक होती.

काका बांधावरून येऊन ओसरीवर बसले. आईवर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "माय, उलटं झालं. हलक्याच्या जागी भारी लागला."

बाई वालाच्या शेंगा तोडत होती. तिचे हात थांबले. "माया हातानंच देल्लं म्या बियाणं."

"जाऊ दे. आता तू थकली. वरची न् खालची बांधी कापून जनावराले टाकू. पुढच्या सालापासून सगळं दुकानातलं आनू. कटकट नाई."

"आन," बाई म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "बोटं बी गेली आता."

 रात्रभर मी डबे भरले त्या दिवसाची उजळणी केली. सकाळी काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तेव्हा मडकी दाखवलीस ती कुठून मोजलीस?"

"कुठून म्हंजे? दारातून. मी दारातच होतो ना."

मी भिंतीकडून मोजली होती. मी आत, भिंतीला पाठ लावून बसले होते. माझं पहिलं मडकं म्हणजे त्यांचं शेवटचं. मधलं तेवढं दोन्हीकडून मधलंच राहिलं. बाईची बोटं बरोबर होती. माझं अक्षर खोटं होतं.

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. का, ते तुम्हाला खरं सांगते. या घरात माझी किंमत एकच होती: मास्तरीन. पत्र आलं, फॉर्म भरायचा असला, औषधाची पुडी वाचायची असली की मला हाक येई. ते गेलं तर माझ्याकडे काय उरतं, असं मला वाटलं. आणि कुणी माझ्यावर संशयही घेत नव्हतं. चिठ्ठ्यांचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शेजारच्या बाया येऊन बाईला म्हणत, "वय झालं वो माय, होते असं," आणि बाई मान हलवायची. तिनं मागच्या खोलीत जाणं सोडलं. स्वयंपाकात मीठ किती, हेसुद्धा सुनेला विचारू लागली. आयुष्यभर जिनं कुणाला काही विचारलं नाही, ती बाई.

त्या आठ दिवसांत मी रोज टेबलाशी बसले. पान लिहायची, पण शेवटची ओळ लिहायला हात उचलत नसे. ती आठ पानं तशीच आहेत, खाली जागा मोकळी. देवी बोलली नाही, स्वप्नात आली नाही. तिची भाषा मला येत नाही आणि तिला माझी येत नसावी. पण चित्रातल्या त्या बाईकडे पाहिलं की एकच गोष्ट समोर येई: तिच्या हातातलं काम काढून घेतलं गेलं, तेव्हाही कुणीतरी शहाण्यासारखं, हळू आवाजातच ते केलं असेल. आणि जवळ बसलेलं कुणीतरी गप्प राहिलं असेल. ती धान्याची पण होती आणि लिहिण्याची पण. आमच्या घरात हे दोन हातांत वाटलं गेलं होतं, एक बाईचा, एक माझा, आणि माझ्या हातानं तिचा हात मोडला होता.

नवव्या दिवशी सकाळी काका विळ्याला धार लावत होते. दोन मजूर आले होते. वरची बांधी आज चाऱ्याला कापायची होती. ती एकदा कापली की भारी धानाचं बियाणं संपलं. डब्यात काही उरलं नव्हतं आणि दुसरीकडे कुठंही ते नव्हतं. मी वहीपासून उठले आणि ओसरीवर गेले.

"थांब," मी म्हणाले. "कापू नको आज."

"काहून, काकू?"

"तुझ्या आईनं बियाणं चुकवलं नाही. मी चुकवलं. तू दारातून मोजलंस, मी भिंतीकडून लिहिलं. चिठ्ठ्या उलट्या लागल्या."

 काकांना हसू आवरलं नाही. "पोट्ट्यायचे पेपर बी असेच तपासत होत्या का काकू? पहिल्या नंबरवाला नापास?" मजूर हसले. मीही हसले असते, पण बाई भिंतीला धरून उभी राहत होती.

"कधी समजलं तुले?" तिनं विचारलं.

"आठ दिवस झाले, बाई."

"आठ दिवस." ती माझ्या अगदी जवळ आली, तिला माणूस तेवढ्या अंतरावरच दिसत असे. "आठ दिवस लोकं मले आंधरी म्हनून राहिले, आन तू आयकून राहिली?"

"हो, बाई."

"म्या हात घातला होता डब्यात. हात सांगून राहिला होता. तुया कागदापायी म्या माया हाताले खोटं म्हटलं." तिचा आवाज चढला नाही. "परक्यानं केलं असतं तं मले काई वाटलं नसतं."

"बाई, चुकलं माझं."

"चुकलं तं सारेच चुकते. तू गप बसली." ती काकांकडे वळली. "टोपली आन. मोठी नाई, लहानी."

"माय, आता त्यात का भेटन तुले? सारं फोल हाये."

"टोपली आन म्हटलं ना."

टोपली आली. तिनं ती माझ्या हातात दिली आणि बांधाची वाट धरली. मी मागून चालले. पायाखालची वाट तिला डोळ्यांशिवाय पाठ होती, मीच दोनदा घसरले.

वरच्या बांधीच्या एका कोपऱ्यात, जिथं बोडीचं, म्हणजे शेजारच्या लहान तळ्याचं, पाणी झिरपून येतं, तिथं थोडी ओल होती. बाई तिथं उतरली. एकेक लोंबी तळहातावर घेई, अंगठ्यानं खालून वर चाचपी, एखादा दाणा दातानं फोडून पाही. शंभरातली एखादी भरलेली निघे. ती खुडून हात मागे करी, आणि मी टोपली पुढे करी. बाकीच्या ती तशाच सोडून देई. ऊन चढलं. मजूर बांधावर पळसाच्या सावलीत बसून तंबाखू मळत होते. तासाभरानं मी मनाशी धीर करून एक लोंबी हातात घेतली आणि तिच्याप्रमाणे अंगठा फिरवला. मला भरलेली वाटली. तोडून तिच्यापुढे धरली.

तिनं बोटानं दाबली आणि चिखलात टाकली. "डोरे मिट. मंग पाहा."

मी डोळे मिटले. दुसरी घेतली. तीही तिनं टाकली. तिसरी टाकली. चौथी तिनं टोपलीत ठेवली; ती भरलेली होती म्हणून, की नुसती हातात होती म्हणून, मला कळलं नाही, आणि विचारायची मला छाती झाली नाही.

दुपारपर्यंत टोपलीचा तळ जेमतेम झाकला होता. काका विळा घेऊन बांधीच्या पलीकडच्या टोकाला आले. तिथं सगळं वाळून कोळ झालं होतं. सकाळी ते कुणाला न विचारता कापायला निघाले होते. आता बांधावरूनच त्यांनी हाक मारली, "माय, इकडून कापू का?"

बाई वाकलेलीच होती. तिनं मान वर केली नाही. "थांब. इकडचं माहं झालं नाई. मी सांगतो तवा काप."

"बरं," काका म्हणाले आणि विळा खाली ठेवून सावलीत जाऊन बसले.

ती मला त्या दिवशी आणखी काही बोलली नाही, पुढचे बरेच दिवसही नाही. फक्त दर थोड्या वेळानं तिचा हात मागे येई, मूठ उघडे आणि मी टोपली तिच्या हाताखाली नेई.